मॅगीने लपवलेला आजार

गांधीजींचं एक छायाचित्र आपण प्रत्येकीने कधी ना कधी पाहिलेलं असतं. पाठ्यपुस्तकात, नाहीतर एखाद्या सरकारी कचेरीच्या भिंतीवर. पुढे मोठा चरखा, त्याच्या मागे जमिनीवर मांडी घालून वाचत बसलेले गांधीजी, आणि खिडकीतून येणारा उजेड. हे छायाचित्र १९४६ साली आपल्या पुण्यात काढलेलं आहे आणि ते काढणारी एक बाई होती, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. तिचं नाव मार्गारेट बर्क-व्हाइट. अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाची छायाचित्रकार.

त्या दिवसाची गोष्ट मोठी मजेची आहे. मार्गारेट कॅमेरे, दिवे, पिशव्या असा सगळा लवाजमा घेऊन पोचली, तर गांधीजींच्या सचिवांनी तिला आधी विचारलं की सूत कातता येतं का? येत नव्हतं. मग चरखा ज्याला कळत नाही त्याने चरख्यावरच्या माणसाचं चित्र काढू नये, असं सांगून त्यांनी तिला सरळ चरख्यासमोर बसवलं. जगभर फिरलेली ही बाई तिथे बसून सूत काढायला शिकली. धागा तुटायचा, गुंता व्हायचा, ती पुन्हा सुरू करायची. शेवटी परवानगी मिळाली, पण गांधीजींचा तो मौनाचा दिवस होता आणि डोळ्यांना झगझगीत उजेड नको म्हणून फ्लॅशचे तीनच बल्ब वापरायचे, अशी अट होती. त्यातले पहिले दोन वाया गेले. तिसऱ्याने ते छायाचित्र दिलं.

तेव्हा मार्गारेट एक्केचाळीस वर्षांची होती. तिची बोटं, तिची नजर, तिचे पाय, सगळं तिच्या हुकमात होतं. पुढे सात-आठ वर्षांतच त्याच बोटांना कॅमेऱ्यात फिल्म भरणं जड जाऊ लागलं. तिला पार्किन्सन्स झाला होता. आपण त्याला कंपवात म्हणतो. मार्गारेटच्या धाडसाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र तिने हा आजार कसा लपवला आणि मग कसा उघड केला, तो भाग जास्त जवळचा वाटतो, कारण तो आपल्या घरांत रोज घडतो.

मार्गारेटचा जन्म १४ जून १९०४ चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. वडील जोसेफ व्हाइट इंजिनिअर होते, छपाईच्या यंत्रांत सुधारणा करणारे. अबोल माणूस. जेवणाच्या टेबलावरसुद्धा डोक्यात यंत्रच चालू असायचं म्हणे. मुलीला ते कारखान्यात घेऊन जात, आणि वितळलेलं लोखंड ओतताना उडणाऱ्या ठिणग्या तिने लहानपणीच पाहिल्या. त्या तिच्या डोळ्यांतून कधी गेल्याच नाहीत. आई मिनी बर्क कडक शिस्तीची. भीती वाटली तर पळायचं नाही, तिच्याजवळ जायचं, असं घरातलं वळण. मार्गारेटला साप फार आवडायचे! घरात पाळलेही होते, आणि मोठेपणी सरपटणाऱ्या प्राण्यांचाच अभ्यास करायचा असं तिने ठरवलं होतं.

१९२२ मध्ये वडील गेले. मार्गारेट तेव्हा कॉलेजात होती. आईने तिला काटकसर करून वीस डॉलरचा जुना कॅमेरा घेऊन दिला, ज्याच्या भिंगाला तडा गेलेला होता. १९२४ मध्ये तिने लग्न केलं, ते दोन वर्षांतच मोडलं. मग ती पुन्हा शिकायला लागली, जेवणघरात वाढायची कामं केली, आणि १९२७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून पदवीधर झाली. तिथल्या इमारतींची चित्रं काढून विकताना तिला कळलं की साप राहू देत, आपलं पोट आणि जीव दोन्ही कॅमेऱ्यात आहे.

क्लीव्हलँड शहरातल्या ओटिस स्टील कारखान्यात बाईमाणसाला आत सोडायला कोणी तयार नव्हतं. तिने परवानगी मिळवली आणि कित्येक रात्री भट्ट्यांपाशी घालवल्या. चित्रं मात्र काळी यायची. डोळ्यांना लालबुंद दिसणारं लोखंड त्या वेळच्या फिल्मला दिसतच नसे, लाल रंग ती फिल्म टिपायचीच नाही. शेवटी मॅग्नेशियमच्या मोठ्या मशाली पेटवून तिने तो प्रश्न सोडवला. ही चित्रं न्यूयॉर्कच्या हेन्री ल्यूसने पाहिली आणि १९२९ मध्ये तिला आपल्या ‘फॉर्च्युन’ मासिकात बोलावून घेतलं. १९३६ मध्ये त्याने ‘लाइफ’ काढलं, तेव्हा २३ नोव्हेंबरच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर मार्गारेटने काढलेलं फोर्ट पेक धरणाचं चित्र होतं.

न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीत एकसष्टाव्या मजल्यावर तिचा स्टुडिओ होता. गच्चीवर तिने सुसरीच्या जातीची दोन पिल्लं आणि कासवं पाळली होती. त्या इमारतीच्या कोपऱ्यांतून धातूचे गरुड बाहेर डोकावतात. अशा एका गरुडाच्या पाठीवर चढून, खाली रस्त्यावरच्या मोटारी मुंगीएवढ्या दिसत असताना, ती कॅमेरा लावायची. तिचा तसा एक फोटो आहे. तो पाहताना माझ्या पायांना मुंग्या येतात. असा तिचा तोल होता, हे मी मुद्दाम सांगतेय.

दुसऱ्या महायुद्धात तर तिने कमालच केली. १९४१ मध्ये मॉस्कोवर जर्मन बाँब पडत होते, तेव्हा तिथे ती एकटीच परदेशी छायाचित्रकार होती. १९४२ च्या डिसेंबरात उत्तर आफ्रिकेला जाताना तिचं जहाज टॉर्पेडोने फुटलं, ती जीवरक्षक होडीत बसून वाचली. जानेवारी १९४३ मध्ये बाँबफेकी विमानात बसून ती प्रत्यक्ष हल्ल्यावर गेली. एप्रिल १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीचं दार उघडलं तेव्हा तारांमागची ती माणसं तिनेच जगाला दाखवली. सहकारी तिला काही केल्या न मोडणारी मॅगी म्हणत. मधल्या काळात लेखक अर्स्किन कॉल्डवेलशी लग्न झालं, १९४२ मध्ये तेही संपलं. मूलबाळ नाही.

मग भारत. १९४६ च्या ऑगस्टमधली कलकत्त्याची दंगल, १९४७ ची फाळणी, बैलगाड्यांचे आणि पायी निघालेल्यांचे मैलोगणती तांडे. आज फाळणी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जी चित्रं येतात, त्यांतली बरीच तिची. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींच्या हत्येच्या काही तास आधी ती त्यांना भेटून आली होती. त्याच संध्याकाळी बिर्ला हाउसमध्ये पार्थिवाजवळ लपवून नेलेला कॅमेरा काढून तिने फ्लॅश मारला, आणि लोकांनी चिडून तिला बाहेर काढलं. ते मला आवडलं नाही, अजूनही आवडत नाही. पण ती तशीच होती. चित्रापुढे तिला दुसरं काही दिसायचं नाही, दुसऱ्याचं दुःखही नाही आणि स्वतःचं दुखणंही नाही.

आता त्या दुखण्याकडे येते. १९५२ मध्ये मार्गारेट कोरियाच्या युद्धावर गेली. डोंगर चढत होती, जीपमधून फिरत होती. त्याच सुमारास जिना चढताना डाव्या पायात बारीकसं दुखायला लागलं. इतकं बारीक की त्याला दुखणं म्हणायचं का, असा प्रश्न पडावा. मग टोकियोत एकदा जेवण आटोपून ती टेबलावरून उठली आणि पहिली दोन-तीन पावलं भेलकांडली. पुढची पावलं अगदी नीट पडली. दर वेळी तसंच होऊ लागलं. बसून उठलं की पहिली पावलं तोल घालवायची, मग सगळं ठीक. तिचं वय तेव्हा पन्नाशीच्या आत होतं.

ज्या बाईने एकसष्टाव्या मजल्यावरच्या गरुडावर उभं राहून काम केलं, तिने अशा वेळी काय करावं? तिने तेच केलं जे आपण करतो. दुर्लक्ष. थकवा असेल, युद्धावरची दगदग असेल. कोणासमोर खुर्चीवरून उठायची वेळ आली की ती काही शोधल्यासारखं करायची, पाकीट सावरायची, पाऊल स्थिर होईपर्यंत वेळ काढायची. मग डावा हात ताठ झाला. चालताना तो हलेना. बोटं जडावली. फिल्म भरायला, बारीक खटके फिरवायला दुसऱ्याची मदत लागू लागली, तीही ती असं दाखवून घ्यायची की जणू आपण दुसऱ्या कामात आहोत. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, पण आजाराचं नाव समजायला वेळ गेला. समजल्यावरही तिने ते नाव कोणाला सांगितलं नाही. कामावर घेणारे काय म्हणतील, हीच मोठी धास्ती. पार्किन्सन्स हा शब्दच तेव्हा कुजबुजत उच्चारायचा होता.

आमच्या महिला मंडळाच्या कामातून मी ज्या घरांत जाते, तिथे हे मी इतक्या वेळा पाहिलंय! एका घरी आजी हसत नाहीत, कोणाशी धड बोलत नाहीत, चेहरा कायम उतरलेला. सुना म्हणायच्या, रुसल्यात. वर्षभर त्या घरात रुसवेफुगवे चालले. कोणी कोणाला काय बोललं याची उजळणी झाली. खरं तर आजींच्या चेहऱ्याचे स्नायूच हलत नव्हते. आवाज बारीक झाला होता तोही आजारानेच. दुसऱ्या एका घरचे काका हात पँटच्या खिशात घालूनच वावरायचे. बायकोलासुद्धा कित्येक महिने कळलं नव्हतं की तो हात खिशात थरथरतोय.

कंपवात म्हटलं की आपल्याला फक्त कंप आठवतो, म्हणून तर घोटाळा होतो. मार्गारेटची सुरुवात बघा, थरथर नव्हतीच. पाय जड, हात ताठ, हालचाल मंद. कित्येकांना थरथर कधी होतच नाही. आणि जी होते ती बहुधा हात स्वस्थ मांडीवर ठेवलेला असताना होते, एका बाजूने सुरू होते. चहाचा कप उचलताना, सही करताना हात थरथरतो त्याचं कारण पुष्कळदा वेगळं असतं, तो पार्किन्सन्स असेलच असं नाही. त्याउलट अक्षर हळूहळू बारीक होत जाणं, शर्टाची बटणं लावायला वेळ लागणं, चालताना एकच हात हलेनासा होणं, खांदा आखडणं, पाय घासत छोटी छोटी पावलं टाकणं, ही लक्षणं आपण वयावर ढकलतो. काही गोष्टी तर याच्याही कित्येक वर्षं आधी येतात. फोडणीचा वास येईनासा होतो. बद्धकोष्ठ जडतं. झोपेत माणूस स्वप्नातल्यासारखा ओरडतो, हातपाय झाडतो, शेजारी झोपलेल्या बायकोला फटका बसतो. मन उदास राहतं. यातलं एखादं असलं म्हणजे पार्किन्सन्स झाला, असं मुळीच नाही, उगाच घाबरू नका. पण दोन-तीन एकत्र दिसली तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायला काय हरकत आहे?

होतं काय, तर मेंदूच्या खोल भागात काळसर पेशींचा एक छोटा पट्टा असतो. त्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि त्यावर आपल्या हालचालींचा सहजपणा अवलंबून असतो. उठायचं म्हटलं की उठतो, त्याचा विचार करावा लागत नाही, तो या रसायनामुळे. या पेशी मरत जातात. का मरतात, हे बहुतेक रुग्णांत नेमकं सांगता येत नाही. मोजक्यांत ते आनुवंशिक असतं. शरीर बराच काळ उसनवारीवर भागवतं, आणि लक्षणं दिसायला लागतात तोवर निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. हा आजार लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ मध्ये पहिल्यांदा नीट नोंदवला. त्याचा जन्मदिवस ११ एप्रिल, म्हणून त्या दिवशी जागतिक पार्किन्सन्स दिन असतो.

तपासणीबद्दल बायका मला विचारतात की रक्तात कळतं का, एमआरआयमध्ये दिसतं का. नेहमीच्या रक्ततपासणीत कळत नाही, आणि साधा एमआरआय बहुतेकदा ठीकच येतो. तो काढतात ते दुसरं काही नाही ना, हे बघायला. डोपामिनचं कमी झालेलं काम दाखवणारा वेगळा स्कॅनही आहे, पण तो प्रत्येकाला लागत नाही. खरी तपासणी डॉक्टरांच्या डोळ्यांनी आणि हातांनी होते. अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला सांगतात, मूठ उघडमीट करायला लावतात, मनगट-कोपर वाकवून ताठरपणा बघतात, खोलीत चालवतात, मागून हलकेच ओढून तोल सावरतो का ते पाहतात, दोन ओळी लिहून घेतात. हालचाल मंदावणं हे मुख्य, आणि त्याच्या जोडीला ताठरपणा किंवा थरथर. डोपामिन वाढवणारं औषध सुरू केल्यावर चांगला फरक पडला की निदान आणखी पक्कं होतं. जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या बरोबर न्या. चक्कर येते म्हणून, मळमळतं म्हणून, किंवा मानसिक आजारासाठी घेतलेल्या काही गोळ्यांनीसुद्धा हुबेहूब अशी लक्षणं येतात, आणि डॉक्टरांनी ती गोळी बदलली की बऱ्याचदा हळूहळू जातातही. आपल्याकडे चक्करेची गोळी औषधाच्या दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षं घेतात, म्हणून हे सांगितलं.

मार्गारेटच्या वेळी यातलं फारसं काही नव्हतं. जी औषधं होती ती थरथरीवर थोडीफार चालायची, त्यापलीकडे काही नाही. तिच्या हातात होता फक्त व्यायाम, आणि तो तिने युद्धावर जावं तसा केला. न्यूयॉर्कमध्ये डॉ. हॉवर्ड रस्क यांची पुनर्वसन संस्था होती. महायुद्धातल्या जखमी सैनिकांना पुन्हा उभं करण्याच्या कामासाठी ते प्रसिद्ध होते. तिथे मार्गारेटला शिकवलं ते ऐकून हसू येईल. वर्तमानपत्राची पानं एका हाताने चुरगळून बोळे करायचे. ओले टॉवेल पिळायचे. आपण बायका जन्मभर करतो तेच! जिने आयुष्यात घरकामाला कधी वेळ दिला नव्हता, ती आता औषध म्हणून टॉवेल पिळत होती. कागदाचे बोळे तर ती प्रवासातही करत बसायची. आणि कनेटिकट राज्यातल्या डॅरिएन गावी घर होतं, तिथे रोज काही मैल चालणं, पाऊस असो की बर्फ. एक दिवस चुकवला तर शरीर तेवढं मागे सरकतं, हे तिने ओळखलं होतं. आजचे डॉक्टरही व्यायामाला औषधाइतकंच महत्त्व देतात. मोठी पावलं टाकत चालणं, तालावर पाय टाकणं, मोठ्याने वाचणं, योग, नाच, जे नियमित जमेल ते.

या व्यायामाच्या जोरावर ती काम करत राहिली. अमेरिकेतल्या जेझुइट धर्मगुरूंच्या जीवनावर तिने चित्रं काढली, त्याचं पुस्तक १९५६ मध्ये आलं. पण १९५७ नंतर ‘लाइफ’ची कामं थांबलीच. घरी बसलेली मॅगी! चेहरा निर्विकार होत चालला होता, पाठ वाकू लागली होती.

त्या काळात ब्राँक्समधल्या सेंट बार्नाबस रुग्णालयात डॉ. आयर्व्हिंग कूपर मेंदूची एक शस्त्रक्रिया करत. कवटीला छोटं छिद्र पाडून आतल्या ठरावीक जागी नळीतून अल्कोहोल सोडायचं आणि तिथल्या चुकीचे संदेश देणाऱ्या पेशी निकामी करायच्या. शरीराची डावी बाजू बिघडली असेल तर मेंदूची उजवी बाजू, उजवी असेल तर डावी. रुग्ण पूर्ण जागा. डॉक्टर त्याला मूठ उघडायला, हात उचलायला सांगत आणि काय घडतं ते तिथल्या तिथे बघत. धोका मोठा होता. जानेवारी १९५९ मध्ये मार्गारेट त्या टेबलावर झोपली. शस्त्रक्रिया चांगली झाली. ताठरपणा सैल पडला, हात पुन्हा मोकळा हलू लागला.

आणि मग तिने जे केलं, त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. इतकी वर्षं जीव तोडून लपवलेली गोष्ट तिने स्वतःच ‘लाइफ’मध्ये छापायला दिली. जून १९५९ च्या अंकात तिच्या आजाराची, शस्त्रक्रियेची आणि व्यायामाची सगळी हकीकत आली. चित्रं तिचा जुना सहकारी आल्फ्रेड आयझेनस्टाटने काढली. जन्मभर दुसऱ्यांच्या दुःखावर कॅमेरा रोखणारी बाई पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या पुढे बसली, कापलेल्या केसांसकट, थकलेल्या चेहऱ्यासकट. गांधीजींच्या पार्थिवाजवळच्या त्या फ्लॅशसाठी मी तिला माफ केलं असेल तर या चित्रांमुळे. जानेवारी १९६० मध्ये तिच्या या लढ्यावर दूरचित्रवाणीवर नाट्यही झालं, तिची भूमिका टेरेसा राइट या अभिनेत्रीने केली. जो शब्द लोक कुजबुजत होते तो घराघरात मोठ्याने बोलला गेला. एवढी नावाजलेली बाई उघडपणे सांगते, तर आपल्याला लाज कसली, असं कित्येकांना वाटलं असणार.

१९६१ मध्ये दुसऱ्या बाजूसाठी शस्त्रक्रिया झाली. कंप गेला, पण वाचा गेली म्हणायची पाळी आली. बोलणं अस्पष्ट, घोगरं झालं, जवळच्या माणसांनाही कळेना. मेंदूच्या दोन्ही बाजूंना अशी इजा केली तर बोलण्यावर परिणाम होतो, हे आता डॉक्टर जाणतात. निकामी केलेली पेशी परत आणता येत नाही, ही त्या शस्त्रक्रियेची मेख होती. १९८७ पासून फ्रान्समध्ये सुरू झालेली नवी पद्धत म्हणजे मेंदूत बारीक तारा बसवून छातीतल्या यंत्राने त्यांना सौम्य वीज द्यायची. ती वीज कमी-जास्त करता येते, बंदही करता येते. आपल्याकडे मुंबई-पुण्यातही ही शस्त्रक्रिया होते. ती प्रत्येकाला लागत नाही, प्रत्येकाला चालतही नाही, खर्चही फार. आणि तिने आजार मुळापासून जात नाही.

मार्गारेट हॉस्पिटलच्या वाऱ्या करत होती तेव्हाच दूर व्हिएन्नात खरी गोष्ट घडत होती. १९६० मध्ये तिथल्या संशोधकांनी पार्किन्सन्सने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फार कमी असल्याचं दाखवलं. १९६१ मध्ये लेवोडोपा हे औषध रुग्णांना देऊन पाहिलं, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालली. १९६७ मध्ये त्याचा योग्य डोस सापडला. अमेरिकेत त्याला अधिकृत मान्यता मिळाली ती १९७० मध्ये. आजही मुख्य औषध हेच. त्याची एक गंमत अशी की आपल्या रानात वाढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत लेवोडोपा निसर्गतःच असतं आणि आयुर्वेदात कंपवातावर ती पूर्वापार वापरतात. पण म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या चालू असताना वरून ते चूर्ण घेऊ नका, डोस दुप्पट होऊन बसेल.

या गोळ्यांचं घड्याळ सांभाळणं हे घरातल्या बाईचं काम होऊन बसतं, म्हणून दोन गोष्टी सांगते. गोळी ठरल्या वेळीच द्यायची, शक्यतो जेवणाआधी अर्धा तास. डाळी, दूध, अंडी यांतली प्रथिनं काहींना गोळीच्या आड येतात. काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरायला लागतो, किंवा अंग आपोआप वळवळू लागतं. भास होतात, क्वचित एखाद्याला जुगाराचा नाहीतर खरेदीचा नाद लागतो. हे वेड नाही, औषधाचा परिणाम आहे. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगायचं, डोस बदलता येतो. मात्र गोळी एकदम बंद कधीच करायची नाही. आणि एकट्याने सोसायचं नाही. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे रुग्ण आणि त्यांना सांभाळणारे एकमेकांशी बोलतात. सांभाळणाऱ्या बाईलाही बोलायला कोणी लागतंच की.

मार्गारेटला सांभाळणारं घरचं कोणी नव्हतं. १९६३ मध्ये तिचं आत्मचरित्र आलं, ते भरपूर खपलं. पण आजार सरकत होता. बोलणं जवळजवळ बंद, चालणं कमी, पगारी माणसं होती पण सगळीच नीट बघणारी नव्हती. पूर्वी चांगलं वाटलेलं निवृत्तिवेतन औषधपाण्याला पुरेना, आणि देणाऱ्या हाताची सवयही सुटली नव्हती.

डॅरिएनच्या त्या घराच्या बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत एकच छायाचित्र लावलेलं होतं. चेकोस्लोव्हाकियातलं सदाहरित वृक्षांचं घनदाट जंगल, तिने १९३८ मध्ये स्वतः काढलेलं. बाहेर जाणं बंद झाल्यावर ती त्या जंगलासमोर राहिली. २७ ऑगस्ट १९७१ रोजी, जवळच्या स्टॅमफर्ड गावी, ती गेली. सदुसष्ट वर्षांची होती.